प्रशिक्षकाच्या विश्रांतीचा प्रश्न : अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी समितीचे सन्माननीय सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

सन्माननीय महोदय,

भारतीय फुटबॉलची चर्चा बहुधा खेळाडू, मैदाने, पैसा आणि जागतिक क्रमवारी यांच्याभोवती फिरते. प्रशिक्षकाचा विषय निघतो तो त्याची नेमणूक होते तेव्हा किंवा त्याला पदावरून दूर केले जाते तेव्हा. मधल्या काळात तो माणूस किती तास काम करतो, कोणाच्या आधाराने करतो, त्याची प्रकृती कशी असते आणि घरच्यांच्या वाट्याला तो किती येतो, हे सार्वजनिक चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. प्रशिक्षकाची विश्रांती, त्याचे आरोग्य, त्याच्या सहायकांना मिळणारे खरे अधिकार आणि त्याने पद सोडण्याची रीत या गोष्टी संघाच्या नेतृत्वाचाच भाग आहेत, आणि म्हणून त्या एखाद्याच्या स्वभावावर किंवा सुदैवावर न सोपवता करारांत आणि नियमांत लिहिल्या गेल्या पाहिजेत, एवढेच या पत्राचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष अलीकडच्या काळात सर्वाधिक वेधले गेले ते २६ जानेवारी २०२४ रोजी. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी त्या दिवशी, हंगाम संपताच आपण पद सोडणार असल्याचे जाहीर केले. संघ त्या वेळी प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात अग्रस्थानी होता, करार २०२६ पर्यंतचा होता, आणि मालक, खेळाडू किंवा पाठिराखे यांपैकी कोणीही त्यांच्या जाण्याची वाट पाहत नव्हते. आपल्यातील शक्ती संपत चालली आहे, हे काम असेच पुन्हा पुन्हा करत राहणे आपल्याला जमणार नाही, असे कारण त्यांनी दिले. निर्णय त्यांनी क्लबला त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये कळवला होता. त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, पुढच्या हंगामासाठी कोणते खेळाडू घ्यायचे आणि उन्हाळी सराव शिबिर कुठे भरवायचे याची नेहमीची बैठक चालू असताना, त्या शिबिरात आपण असू की नाही याची आपल्यालाच खात्री वाटत नाही, हे त्यांना प्रथमच उमगले. पराभव, वाद किंवा आजार यांपैकी काहीही घडलेले नसताना केवळ पुढच्या वर्षाची आखणी करताना मनाने दिलेली ती सूचना त्यांनी ओळखली आणि तिच्यावर निर्णय घेतला, यातच त्या घटनेचे महत्त्व आहे.

ही थकावट समजण्यासाठी क्लॉप यांच्या खेळपद्धतीचे स्वरूप थोडे पाहावे लागते. तिला जर्मन भाषेत गेगेनप्रेसिंग म्हणतात. आपल्या संघाकडून चेंडू सुटला की मागे धावत जाऊन बचाव रचण्याऐवजी, ज्या क्षणी तो सुटला त्याच क्षणी आणि त्याच जागी तीन-चार खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे आणि पहिल्या काही सेकंदांतच चेंडू परत मिळवायचा, असे या पद्धतीचे सूत्र आहे. कारण नुकताच चेंडू मिळालेला प्रतिस्पर्धी अजून सावरलेला नसतो, त्याचे सहकारी विखुरलेले असतात आणि तिथे चेंडू हिसकावला तर गोलाची वाट सर्वांत जवळची असते. पाहताना हा खेळ केवळ जोशाचा वाटतो, पण कोणी आधी धावायचे, कोणी पासची वाट अडवायची आणि कोणी मागे थांबायचे हे सरावात इतके घोटून घ्यावे लागते की सामन्यात विचार करायला वेळच लागू नये. असा सराव रोज घेणारा, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची चित्रफीत पाहणारा आणि खेळाडूंच्या अंगात तीच ईर्षा रोज नव्याने जागवणारा प्रशिक्षक स्वतः थंड राहून ते करू शकत नाही. त्यात २०२१-२२ च्या हंगामात लिव्हरपूल प्रत्येक स्पर्धेत अखेरपर्यंत टिकल्याने साडेनऊ महिन्यांत ६३ सामने खेळला, म्हणजे सरासरी साडेचार दिवसांना एक सामना, आणि प्रत्येक सामन्याच्या आधी व नंतर पत्रकारांसमोर उभे राहणे. त्या हंगामात संघाने देशांतर्गत दोन्ही चषक जिंकले, प्रीमियर लीगचे विजेतेपद एका गुणाने हुकले आणि चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना रेआल माद्रिदविरुद्ध गमावला. इतक्या जवळ जाऊन हुकलेल्या गोष्टीनंतर सगळे पहिल्यापासून उभे करायला माणसाच्या ठायी किती बळ लागते, याचा हिशेब कोणत्याही गुणतक्त्यात मांडलेला नसतो.

मग हा भार नऊ हंगाम पेलला कसा गेला, याचे उत्तर नेतृत्वाविषयीच्या त्यांच्या कल्पनेत सापडते. आपल्यापेक्षा अधिक जाणणारी माणसे आपल्याभोवती असावीत आणि त्यांना काम करण्याची मोकळीक असावी, असे ते वारंवार सांगत आले आहेत, आणि ते त्यांनी आचरणातही आणले. खेळाडूंच्या आहाराची जबाबदारी बायर्न म्युनिककडून आलेल्या मोना नेमर यांच्याकडे दिली गेली. थ्रो-इनसाठी, म्हणजे चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर हातांनी आत फेकण्याच्या क्रियेसाठी, २०१८ मध्ये डेन्मार्कचे थॉमस ग्रोनेमार्क हे स्वतंत्र प्रशिक्षक बोलावले गेले. या नेमणुकीची त्या वेळी इंग्लंडमध्ये थट्टाही झाली; मात्र प्रत्येक सामन्यात अनेकदा घडणाऱ्या एका क्रियेविषयी आपल्याला पुरेसे कळत नाही, हे मान्य करायला मुख्य प्रशिक्षकाला कमीपणा वाटला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या विश्वासाचे फळ ७ मे २०१९ रोजी अ‍ॅनफिल्ड मैदानावर दिसले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतील पहिला सामना बार्सिलोनाने ३-० असा जिंकला होता, परतीच्या सामन्यात सलाह आणि फिर्मिनो हे दोन प्रमुख आघाडीपटू दुखापतीमुळे नव्हते, आणि तरीही ७९व्या मिनिटापर्यंत लिव्हरपूलने तिन्ही गोलांची भरपाई केली होती. त्या मिनिटाला मिळालेल्या कॉर्नरच्या वेळी २० वर्षांचा बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड चेंडू ठेवून दोन पावले दूर निघाला होता. बार्सिलोनाचे खेळाडू अजून आपापल्या जागा शोधत आहेत आणि गोलसमोर डिव्होक ओरिगी मोकळा आहे हे पाहताच तो झटकन वळला, चेंडू मारला आणि ओरिगीने तो जाळ्यात धाडला. क्लॉप यांना तो कॉर्नर कोणी घेतला हेही दिसले नव्हते. आपण पाहिला तो थेट जाळ्यात जाणारा चेंडू, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील बहुधा सर्वांत गाजलेला गोल असा त्यांच्या नजरेआड, त्यांना न विचारता, एका तरुण खेळाडूच्या निर्णयातून झाला. नेतृत्वावर लिहिल्या जाणाऱ्या जाडजूड ग्रंथांपेक्षा हा एक कॉर्नर अधिक काही शिकवतो, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्या प्रशिक्षकाला प्रत्येक गोष्ट स्वतः पाहावी आणि ठरवावी लागते त्याचा संघ असे धाडस करू शकत नाही, आणि तो स्वतःही फार काळ टिकू शकत नाही.

तथापि विश्वासू सहकाऱ्यांचा हा आधारही प्रत्येक वेळी पुरतोच असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लॉप यांच्या मातोश्रींचे जर्मनीत निधन झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा महासाथीच्या प्रवासबंदीमुळे त्यांना अंत्यविधीसाठीही जाता आले नाही. तो नियम सर्वांनाच लागू होता आणि त्यात कोणा क्लबाचा दोष नव्हता; परंतु संघ सलग सामने हरत असताना, रिकाम्या मैदानांवर, असे दुःख पोटात ठेवून दर तीन-चार दिवसांनी टचलाइनवर उभे राहणाऱ्या माणसाकडे पाहताना बहुतेकांनी गुणतक्ताच पाहिला. आयुष्याचा तोल हा शब्दप्रयोग हल्ली फार सैलपणे वापरला जातो, जणू तो रोजच्या वेळापत्रकातील एखादा रिकामा तास आहे. प्रशिक्षकाच्या बाबतीत त्याचा अर्थ अधिक कठीण आहे : आई आजारी असताना, मुलांची लग्ने असताना, स्वतःची छाती दुखत असताना काम काही दिवस दुसऱ्याच्या हाती देता येते की नाही, आणि दिल्यावर परत येता येते की नाही.

याच क्लबच्या इतिहासात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे मिळालेली आहेत. बिल शँक्ली यांनी १९५९ पासून लिव्हरपूलला दुसऱ्या श्रेणीतून वर काढून देशातील अग्रगण्य संघ बनवले आणि जुलै १९७४ मध्ये थकव्याचे कारण देऊन अचानक पद सोडले. त्यांच्यासाठी दुसरी कोणतीही भूमिका तयार नव्हती, खेळाशिवाय दिवस काढणे त्यांना जड गेले आणि त्या निर्णयाची हळहळ त्यांना अखेरपर्यंत राहिली. याउलट १३ ऑक्टोबर २००१ रोजी लीड्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात फ्रेंच प्रशिक्षक जेरार उलिये यांना छातीत असह्य वेदना झाल्या. हृदयाकडून निघणाऱ्या महारोहिणीचे आतले अस्तर फाटले होते, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर सुमारे अकरा तासांची शस्त्रक्रिया करावी लागली. पुढचे पाच महिने संघाची धुरा सहायक फिल थॉम्पसन यांनी सांभाळली, उलिये मार्च २००२ मध्ये परतले आणि संघाने त्या हंगामात साखळीत दुसरे स्थान मिळवले. हे शक्य झाले, कारण सहायक नावापुरता नव्हता. त्याला संघ ठाऊक होता आणि संघाने त्याला आधीपासून मानले होते. क्लॉप यांच्या बाबतीत क्लबला आधी सूचना मिळाली, उत्तराधिकारी शोधण्यास अनेक महिने मिळाले, आणि आर्ने स्लॉट यांनी जवळपास त्याच संघाच्या बळावर २०२४-२५ चे प्रीमियर लीग विजेतेपद चार सामने बाकी असतानाच पटकावले. जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या कामाची खरी किंमत बरेचदा तो गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात कळते, आणि त्या कसोटीवर क्लॉप यांचे जाणे हेही त्यांच्या उत्तम कामगिरींपैकीच एक ठरते.

हे सर्व परदेशातील झाले. पण महासंघाला या प्रश्नाची जाण देणारे सर्वांत मोठे उदाहरण भारतातील आहे, आणि ते सहा दशकांहून अधिक जुने आहे. १९०९ मध्ये हैदराबादेत जन्मलेले सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव, हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक ही कामे त्यांनी एकाच आयुष्यात, बराच काळ एकाच वेळी, केली. त्यांच्या पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर रंगणारा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. ड्रिब्लिंगला, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत एकट्याने प्रतिस्पर्ध्यांना चकवत नेण्याला, मनाई असलेल्या स्पर्धा आणि केवळ कमकुवत पायाने खेळायच्या स्पर्धा त्यांनी भरवल्या, जेणेकरून मुले पास देण्यास आणि दोन्ही पायांनी खेळण्यास शिकावीत. शिक्षकाच्या पेशातून आलेली ती दृष्टी होती. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मूळ गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या हॅट्ट्रिकसह चौथे स्थान, आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे पुन्हा आशियाई सुवर्णपदक, हा आलेख पुढे कोणाही भारतीय प्रशिक्षकाला गाठता आलेला नाही.

जकार्तातील ते दिवस थोडे जवळून पाहण्यासारखे आहेत. इस्रायल आणि तैवान यांना यजमान इंडोनेशियाने स्पर्धेपासून दूर ठेवल्याला भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे भारताविरुद्ध संताप उसळला होता, आणि भारतीय संघ मैदानात उतरला की प्रेक्षागार त्याच्याविरुद्ध गर्जत असे. साखळीत दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार झाली होती. बचावफळीचा कणा असलेले जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते, तर गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी होते. अशा स्थितीत रहीम यांनी जर्नेल सिंग यांना विश्रांतीला न बसवता बचावातून काढून थेट आघाडीत उभे केले, आणि उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत जर्नेल सिंग यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारत विजेता ठरला. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांचे फुफ्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. त्यांच्या कर्करोगाचा दोष कामाच्या भारावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की त्यांच्याजवळ जे ज्ञान होते ते हाती घेऊन पुढे नेणारी रचना देशाकडे नव्हती. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलमध्ये भारताच्या वाट्याला १९७० चे एक कांस्यपदक आले, सुवर्ण पुन्हा कधीच नाही. एका माणसावर चार माणसांचे काम सोपवून, तो गेल्यावर त्याच्या थोरवीचे गोडवे गाण्याची ही रीत भारतीय फुटबॉलला फार महाग पडली आहे.

ती रीत संपली आहे असे मानावे अशी परिस्थिती आजही नाही. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे क्लॉप यांच्या घोषणेच्याच महिन्यात, भारतीय संघ कतारमधील आशियाई चषकात तिन्ही सामने एकही गोल न करता हरला. तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी जूनमध्ये पदमुक्त झाल्यावर जाहीरपणे सांगितले की त्या स्पर्धेहून परतताच त्यांच्यावर तातडीने हृदयशस्त्रक्रिया झाली होती. त्यांच्या कामगिरीविषयी मतभेद असू शकतात, आणि आहेतही. पण राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या प्रकृतीची अशी गोष्ट देशाला महिन्यांनंतर, तीही वादाच्या ओघात कळावी, हे कोणालाच भूषणावह नाही. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये मानोलो मार्केझ यांची नेमणूक झाली ती एफसी गोवाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे कायम ठेवून. एकाच हंगामात क्लब आणि देश असे दोन संघ त्यांच्याकडे होते. क्लबने मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला, राष्ट्रीय संघाला मात्र त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये ते पदावरून दूर झाले. मार्केझ यांची योग्यता वादातीत आहे. चुकीची होती ती मांडणी, जिच्यात एका माणसाचे लक्ष आणि बळ दोन जबाबदाऱ्यांत वाटले जाईल हे आधीपासून दिसत होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे राष्ट्रीय संघ सोपवून महासंघाने तेरा वर्षांनी एका भारतीय प्रशिक्षकावर विश्वास दाखवला, ही मनापासून स्वागत करावी अशी गोष्ट आहे. मुंबई एफसीसारख्या तुटपुंज्या साधनांच्या संघासोबत अनेक वर्षे कष्ट घेतलेल्या आणि २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीगचे अनपेक्षित विजेतेपद मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षकाची वाट सोपी नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करल्याने २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली. अशा पराभवानंतर प्रशिक्षकाच्या नावाने ओरड करणे सोपे असते. त्याला सहायक कोण दिले, तयारीला दिवस किती दिले आणि क्लबांनी खेळाडू केव्हा सोडले, हे प्रश्न विचारायला अधिक धीर लागतो.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. क्लॉप किंवा गार्डिओला यांच्यासारख्यांना एक वर्ष सुट्टी घेणे परवडते, कारण त्यांच्या गाठीशी भरपूर पैसा असतो; बार्सिलोनाचे प्रशिक्षकपद सोडल्यावर गार्डिओला २०१२-१३ चे वर्ष न्यूयॉर्कमध्ये घालवू शकले, भारतीय प्रशिक्षकाने तसे केले तर त्याच्या घरची चूल कशी पेटणार? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच या पत्रातील मागणीला बळ मिळते. व्यावसायिक हक्कांच्या कराराचा प्रश्न न सुटल्याने २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंबरोबरच प्रशिक्षकवर्गाचेही वेतन स्थगित केले. कोल्हापूरच्या पेठांतील तालीम मंडळांच्या संघांना शाहू स्टेडियमवर उतरवणारे, मुंबईच्या शाळांत मुलांना घडवणारे किंवा गोव्यातील गावोगावच्या क्लबांना सांभाळणारे प्रशिक्षक तर बहुधा दुसरी नोकरी करून हे काम करतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो स्वतःची विश्रांती विकत घेऊ शकतो. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीच नियम लागतो.

म्हणून महासंघाकडे मागणे नेमके आहे. राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक पूर्ण वेळ त्याच पदावर असावा आणि दुहेरी नेमणूक यापुढे होऊ नये. त्याच्या करारात दर वर्षाची वैद्यकीय तपासणी, वर्षातील ठरावीक सलग रजा आणि कुटुंबातील आजारपण किंवा मृत्यू अशा प्रसंगी वेतनासह सुट्टी यांची तरतूद असावी. आणि त्या काळात संघ कोण सांभाळणार, हे नाव आणीबाणीच्या दिवशी नव्हे, नेमणुकीच्याच दिवशी ठरलेले असावे. क्लबांना परवाना देताना प्रशिक्षकवर्गाचे वेतन हंगाम लांबला तरी अबाधित राहील, अशी हमी मागितली जावी. आशियाई महासंघाच्या चौकटीत जे सी, बी, ए आणि प्रो परवान्यांचे अभ्यासक्रम महासंघ चालवतो, त्यांत डावपेच आणि शरीरक्षमता यांच्याइतकेच काम वाटून देणे, स्वतःची थकावट ओळखणे आणि पद नीट सोपवून जाणे हेही विषय गांभीर्याने शिकवले जावेत. निवृत्त होणाऱ्या किंवा पद सोडणाऱ्या राष्ट्रीय प्रशिक्षकाकडून त्याच्या कामाचा सविस्तर लेखी अहवाल घेऊन तो पुढच्याला दिला जावा. रहीम यांच्या पद्धतींचा असा एखादा अहवाल त्या काळी जपला गेला असता, तर पुढच्या पिढीतील प्रशिक्षकांना आरंभ कुठून करायचा हे तरी कळले असते.

यांतील एकाही गोष्टीला नवे स्टेडियम बांधावे लागत नाही किंवा परदेशी सल्लागार आणावे लागत नाहीत. राष्ट्रीय प्रशिक्षकाचा पुढचा करार जेव्हा महासंघाच्या टेबलावर येईल, तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी कार्यकारी समितीने या तरतुदी त्यात घालाव्यात आणि त्या देशासमोर जाहीर कराव्यात, अशी नम्र आणि आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
भारतीय फुटबॉलचा एक अभ्यासक